भुयारात उतरलेल्या चौघी

मंचेरियल,
१९ जानेवारी १९९७

ती. दादास,
पद्मिनीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. पोस्टमननं शिक्का नेमका खेळांच्या फ्लॉपीवरच हाणला होता, पण शर्टाच्या खोक्यातले पुठ्ठे घालायची अक्कल तुला या वेळी सुचली म्हणून ती वाचली. मागची वाकून आली होती, ती आईनं ताकाच्या भांड्यावर झाकणी म्हणून ठेवली आहे.

इकडे सर्व ठीक. बाबांचा गुडघा तसाच. कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरं वाढली आहेत. दुपारी अमृतराव जेवायला घरी गेले की रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर माझा. क्लासचे मालक असल्यामुळं ते मधून मधून विचारतात, मॅडम, या खेळांनी पोरांना डॉस येईल का. मी म्हणते येईल. मग ते तेलुगूत 'परवालेदु', म्हणजे चालेल, म्हणतात आणि चपला घालतात.

तू लिहिलं होतंस की तुमच्या नागपूरच्या 'कळफलक' मासिकाचे संपादक चंपतराव 'माझे आवडते खेळ' असा लेख कोणी लिहून देईल का म्हणून विचारत होते. तू म्हणालास, पद्मे, तूच लिही, मला काही लिहिता येत नाही. तर घे, लिहिला. सोबत आहे.

दोनच खेळ घेतले आहेत. गाड्या पळवायचे खेळ मला कळत नाहीत, त्यात बोटं थकतात आणि डोकं झोपतं. पहिला आहे तो राज्य वसवायचा. ओसाड मुलखात दोन माणसं घेऊन सुरुवात होते. मी स्पष्ट लिहिलं आहे की नव्या माणसानं आधी नदी शोधावी, मग धान्याचं कोठार बांधावं, शेजाऱ्याशी बोलणी करावी. कोट बांधायची घाई करू नये. कोटाच्या आत खायला नसेल तर कोट काय चाटायचा?

दुसरा भुयाराचा. त्यात चार जण निवडायचे, त्यांना नावं द्यायची आणि खाली उतरायचं. दार कुठं, सापळा कुठं, ते चौकटीच्या कागदावर काढत जायचं, नाही तर तिथंच फिरत राहतो आपण. माझ्या चौघी कोण, ओळख. नार्नूरची मालनआत्या पुढं ढाल घेऊन, कारण तिला मारणारा अजून जन्माला यायचा आहे. रुख्मिणी मावशी मागं मंत्र म्हणायला, ती तसंही दिवसभर पुटपुटते. बयनाआजीकडं गोफण. आणि सगळ्यांत पुढं कंदील घेऊन सुभद्रा, म्हणजे आपली आई. आईला मी पूर्ण लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, माझ्या हातात कंदील कशाला, कुऱ्हाड दे की. मग दोन्ही दिलं.

दादा, एकच मागणं आहे. खाली माझं नाव पूर्ण छापायला सांग. पद्मिनी भगवानराव उटनूरकर. दहावीला पेपरात आले तेव्हा नुसता नंबर आला होता. एकदा नाव यावं असं फार वाटतं. हसू नकोस.

राजुऱ्याचे लोक मला पाहायला येणार आहेत, होळीनंतर कधीतरी. बाबा खूश आहेत. मी ठीक आहे.

माझ्यावर आहे तो जीव असाच असू दे, आणि नवी फ्लॉपीही पाठव.
तुझी,
पद्मिनी

•

नागपूर,
९ फेब्रुवारी १९९७

चि. पद्मिनीस,
हेमचंद्रचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लेख मिळाला. ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. आमच्या विमा कंपनीत इतकं हसू कधी ऐकलं नव्हतं. चंपतरावांकडे लगेच नेऊन दिला. ते म्हणाले, असं कोणी मराठीत लिहितच नाही. मार्चच्या अंकात घेत आहेत.

छापण्याजोगा व्हावा म्हणून मी किरकोळ फेरफार केले आहेत. तू मनावर घेऊ नकोस, तुझं लिहिणं घरगुती असतं आणि मासिक चार लोकांत जातं. अंक आला की मी पाठवीनच, तू तिकडं शोधत बसू नकोस.

राजुऱ्याच्या स्थळाबद्दल बाबांचं पत्र आलं. मुलगा उद्धव इंजिनियर आहे, वडील महिपतराव तहसिलीत होते, घर चांगलं. ते आले की हिरवी साडी नेस. कॉम्प्युटरबद्दल विचारलं तर 'क्लासमध्ये शिकवते' एवढंच सांग. भुयारात उतरू नकोस. सध्या आमच्याकडं गाड्यांचा एक नवा खेळ आला आहे, तुला नावडला तरी पाठवतो, कारण तुला चिडवायला मला आवडतं.

ती. बाबांस व ती. आईस नमस्कार. माया आहेच, ती पत्रात किती मावणार.
तुझा,
हेमचंद्र

•

मंचेरियल,
१६ मार्च १९९७

श्री. हेमचंद्र उटनूरकर, लेखक, यांस,

नमस्कार लिहायची आज इच्छा नाही. आई म्हणाली मोठा भाऊ आहे, लिही. म्हणून लिहिते. नमस्कार.

तू अंक पाठवणार होतास. तुझा अंक आलाच नाही. मला तो स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर मिळाला. मी उभ्या उभ्या उघडला. त्यात तुझा फोटो. लग्नातला, कोटातला. खाली तुझं नाव. वर माझा लेख.

मी एकदा वाचला, मग घरी येऊन परत वाचला, म्हटलं कुठंतरी बारीक अक्षरात असेल माझं नाव. नाही. कुठंच नाही.

दादा, घरात गॅसचं कनेक्शन तुझ्या नावावर आहे. टेलिफोनचा अर्ज तुझ्या नावावर केला. बाबांनी बाजारहत्नूरचा प्लॉट घेतला, तो तुझ्या नावावर. वर्तमानपत्र इथं मंचेरियलला येतं आणि बिलावर नाव तुझं. मी कधी तोंड उघडलं का? पण माझ्या डोक्यातनं निघालेलं लिहिणंही गॅसच्या टाकीसारखं तुझ्या नावानं नोंदवायचं का? काऊन? तुला कोणी सांगितलं होतं?

आणि किरकोळ फेरफार म्हणतोस! तू बसून एकेका वाक्यातलं 'गेले'चं 'गेलो' केलंस. तेवढा वेळ होता तुझ्याकडं. तेवढ्या वेळात मला विचारणारं एक कार्ड तुला लिहिता आलं असतं.

माझ्या चौघी कुठं गेल्या? मालनआत्याच्या जागी राणा. रुख्मिणी मावशीच्या जागी शेरसिंग. बयनाआजीच्या जागी बहादूर. अन् कंदील घेतला आहे कोण्या विक्रमनं. हा विक्रम कोण आहे रे? त्याला या घरात कोणी पाहिला आहे?

आणि राज्याच्या खेळात तू घुसडलंस की आधी भक्कम कोट बांधावा. तू तो खेळ नदी ओलांडेपर्यंतसुद्धा खेळला नाहीस. तुझं पाहून जो कोट बांधत बसेल त्याची माणसं उपाशी मरतील आणि तो म्हणेल लिहिणारा येडा होता. ते बरं झालं, नाव तुझंच आहे.

मला फार राग आला आहे. पुढच्या अंकात चंपतरावांनी छापावं की हा लेख पद्मिनी भगवानराव उटनूरकर हिचा आहे. बाकी काही नको. गाड्यांची फ्लॉपी परत पाठवते आहे, पुठ्ठ्याशिवाय.

लोभ आहे म्हणूनच एवढा राग आहे, हे लक्षात ठेव.
पद्मिनी

•

नागपूर,
२४ मार्च १९९७

चि. पद्मिनीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं आणि मग रागही आला. मोठ्या भावाला 'लेखक यांस' लिहितात का? मी चोर आहे का?

जे केलं ते तुझ्यासाठी केलं. ऐन पाहण्या-दाखवण्याच्या दिवसात मुलीचं नाव छापून येणार, की ही भरदुपारी क्लासमध्ये बसून भुयारात राक्षस मारते. राजुऱ्याचे लोक जुन्या वळणाचे आहेत. महिपतराव काय म्हणाले असते, सांग. नाव म्हणजे काय गं, दोन ओळी. तुझं लिहिणं लोकांनी वाचलं, हसले, आवडलं, ते महत्त्वाचं नाही का? चौघींची नावं बदलली कारण आपल्या घरच्या बायका अशा चव्हाट्यावर कशाला. एवढंही कळू नये?

आता चांगली बातमी. चंपतरावांना लेख इतका आवडला की त्यांनी दर महिन्याचं सदर दिलं आहे. 'कोणता खेळ घ्यावा'. मी हो म्हटलं. तू लिही, मी नेऊन देत जाईन. लग्न झालं की पुढं बघू, तुझं नाव घालता येईल. सोबत वाचकांची पत्रं आहेत, त्यांनी शंका विचारल्या आहेत. अमरावतीचा एक जण लिहितो की कोट बांधूनही त्याचं राज्य बुडतं. त्याला काय कळवायचं? लवकर सांग, एप्रिल संपायच्या आत मजकूर द्यायचा आहे.

राग सोड. घर एक आहे आपलं, नावही एकच.
हेमचंद्र

•

मंचेरियल,
७ एप्रिल १९९७

चि. हेमचंद्रास,
आईचे आशीर्वाद. सूनबाईसबी.

मी सहसा पत्र लिवत नाही, तुह्या बाबाच्या पत्रात खाली दोन ओळी टाकतो तेवढंच. आज सवता कागद घेतला, कारन तुहे बाबा माह्याशी बोलून नाही राह्यले.

राजुऱ्याचे लोक काल येऊन गेले. पोरगा, त्याचा बाप महिपतराव, अन् एक काकू. पोहे केले, चहा केला. पद्मीनं हिरवी साडी नेसली, तू सांगतल्यापरमानं. महिपतराव बसल्याबरोबर तुहं कौतुक करू लागले. त्यायच्या घरी ते मासिक येते म्हने. उद्धवनं तुहा लेख दोनदा वाचला म्हने. भुयाराचं वाचून तो हसला म्हने. पोरगा हो हो म्हनून राह्यला. तुह्या बाबाची छाती अशी फुगली. पद्मी खाली पाहून बसली होती, कपबशी हातात धरून.

मंग महिपतरावनं पद्मीले विचारलं का तुले कायची आवड. ती तोंड उघडायच्या आत तुहे बाबा म्हनाले का तिले सैपाक चांगला येते, बाकी तिचं काही नाही. महिपतराव म्हनाले, बरं हाय, हे खेळाचं खूळ पोरायनंच करावं, पोरीचं डोकं भलतीकडं गेलं का संसार बसत नाही.

तवा मी पद्मीकडं पाह्यलं. तिनं वर पाह्यलंच नाही. मले ते सहन नाही झालं. मी म्हनलं, "तो लेख माह्या पोरीनं लिवला हाय. अन् त्यातली कंदील धरनारी सुभद्रा म्हंजे मी."

काकूनं चहा अर्धाच ठेवला. उद्धव पद्मीकडं पाहून काही विचारनार होता, पन त्याच्या बापानं त्याले उठवलं. आज सकाळी फोन आला पोस्टाच्या बूथवर, का पत्रिका जुळत नाही. काल तं जुळत होती. तुहे बाबा म्हनतात मी पोरीचं नुकसान केलं. मी म्हनलं नुकसान आंधीच झालं होतं, फागुनात, नागपूरले.

पद्मी रडली नाही. कप धुतले अन् क्लासले गेली.

आता तुह्याशी बोलतो. हेमू, मी नार्नूरच्या शाळेत चौथीपर्यंत गेली. तुह्या लग्नाच्या पत्रिकेत तुह्या बाबाचं नाव, आजोबाचं नाव, मामाचं नाव. मी 'सौ. व श्री.' मधली सौ. मी म्हनलं जाऊ दे. पद्मीनं मले वाचून दाखवलं तवा मी तिले परत परत वाचाले लावलं, का सुभद्रा पुढं चालली, सुभद्रानं दार उघडलं. मी रुख्मिणीले बी सांगून ठेवलं होतं का आपलं नाव छापून येनार हाय. ती आता भेटली का विचारते, आलं का. काय सांगू तिले?

तू म्हनतो घरच्या बायका चव्हाट्यावर कायले. मंग तो विक्रम कोन? त्याले मी जेवू घातलं होतं का?

त्या चंपतरावले जाऊन खरं सांग. नाही सांगतलं तं उन्हाळ्यात इकडं येऊ नको. आंबे मी शेजारी वाटून देईन.

तब्येत सांभाळ. लेकरू हायेस, म्हनून खालीबी आशीर्वादच लिवतो.
तुही आई,
सुभद्रा

•

नागपूर,
१५ एप्रिल १९९७

चि. पद्मिनीस,
अनेक आशीर्वाद.

आईचं पत्र आलं. ऑफिसात वाचायला घेतलं आणि उठून बाहेर जावं लागलं. तिला नाव हवं होतं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, पद्मे. तुला हवं होतं हे माहीत होतं, ते मी कानाआड केलं.

काल चंपतरावांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील आणि सोडून देतील. त्यांनी मला बसूसुद्धा दिलं नाही. म्हणाले, पस्तीस वर्षं मासिकं काढतो आहे, माझ्याकडून खोटं नाव छापवून घेतलंस. सदर त्यांनी थांबवलं आहे. मी फार विनवणी केली तेव्हा म्हणाले, मे महिन्याच्या अंकात हेमचंद्रनं स्वतः खुलासा लिहावा, की लेख बहिणीचा आहे, नावं मी बदलली, कोटाचं मी घातलं, आणि का घातलं. तो मजकूर पंचवीस तारखेच्या आत आला तर जूनपासून 'कोणता खेळ घ्यावा' हे सदर पद्मिनी भगवानराव उटनूरकर या नावानं चालेल. आला नाही तर सदर कायमचं बंद, ते दुसऱ्या कोणाकडून वेगळं काही लिहून घेतील.

म्हणजे तुझं काम होतं आहे. मी मनापासून सांगतो, मला आनंद झाला.

आता अडचण अशी आहे. मी लिहायला बसलो. बरेच कागद फाडले. 'सविनय कळविण्यात येते की' याच्या पुढं गाडी जाईना. जे लिहितो ते विम्याच्या नोटिशीसारखं होतं. बायको म्हणते हे वाचून लोकांना वाटेल कोणी वारलं. मी आपला आकड्यांचा माणूस.

तर तूच चार ओळी लिहून पाठव. माझ्या बाजूनं, मी बोलतो आहे असं. तुला ते चुटकीसरशी जमतं आणि वाचताना लोकांना बरं वाटेल. मी खाली सही करून लगेच नेऊन देतो. पोस्टानं उशीर होईल असं वाटलं तर बूथवरनं फोन करून सांग, मी उतरवून घेईन. तुझंच सदर आहे, तुझाच फायदा आहे.

आईला सांग मी येतो आहे. बाबांशी मी बोलेन.
राग गेला असेल अशी आशा धरून आहे.
तुझा,
दादा

•

मंचेरियल,
१९ एप्रिल १९९७

ती. दादास,
पद्मिनीचा नमस्कार. या वेळी कोणी सांगितलं नाही, मीच लिहिला आहे.

तुझं पत्र क्लासमध्ये वाचलं. शेवटचा परिच्छेद वाचून आधी मला हसू आलं. इतकं की अमृतराव ताट सोडून आल्यासारखे दारात उभे राहिले. मग जो राग आला तो मार्चपेक्षा मोठा. तेव्हा तू न विचारता घेतलं होतंस. आता विचारून मागतो आहेस, आणि तुला त्यात काही वावगं दिसत नाही.

दादा, तू माझ्याकडनं लेख नेऊन खाली स्वतःचं नाव घातलंस, आणि आता त्याची माफीसुद्धा माझ्याकडनं लिहून नेऊन खाली स्वतःचं नाव घालणार आहेस. हे तुला मंचेरियलहून मला सांगावं लागतं?

तुझी अर्जी नामंजूर.

तू चांगला आहेस, हे मला माहीत आहे. क्लासमधल्या पोरींचे भाऊ त्यांना दुकानातसुद्धा पाठवत नाहीत आणि तू मला नागपूरहून फ्लॉप्या धाडतोस. चंपतरावांसमोर उभा राहिलास, त्यालाही छाती लागते. पण तुला लहानपणापासून सगळं लिहून मिळालं. शाळेतले निबंध मी लिहिले, तू सातवीत आणि मी पाचवीत असताना. वहिनीला लग्नाआधी गेलेली पत्रं कोणी लिहिली ते तिला सांगू का? तेव्हा मला गंमत वाटायची. बाबा म्हणायचे पद्मीचं अक्षर छान आहे, दादाला मदत कर. मी मदतच करत राहिले.

काल संध्याकाळी उद्धवचं पत्र आलं, त्या राजुऱ्याच्या मुलाचं. क्लासच्या पत्त्यावर. लग्नाबद्दल एक अक्षर नाही. त्यानं विचारलं आहे की भुयारात तिसऱ्या मजल्यावरचं दार कसं उघडायचं. मी त्याला उत्तर दिलं नाही. देईन, पण छापून, माझ्या सदरात, माझं नाव घालून. तिथं वाच म्हणावं. आणि सदर झालंच नाही तर तो तिसऱ्या मजल्यावरच राहील, मी काय करू.

पंचवीस तारीख जवळ आली आहे, हे मला कळतं. तू लिहिलं नाहीस तर सदर जाईल. मला ते किती हवं आहे तेही तुला ठाऊक आहे. दुपारी खेळताना मी मनातल्या मनात पुढचे लेख लिहीत असते. ते गेलं तर मी आठ दिवस जेवणार नाही, आणि मग दुसऱ्या मासिकाला लिहीन. पण तुझ्या माफीचा एक शब्द मी लिहिणार नाही. बूथवरनं फोनही करणार नाही.

आईनं सांगितलं आहे की खुलाशात चारही नावं यायला पाहिजेत, आणि तिचं सगळ्यांत आधी. बाबा काल पहिल्यांदा तिच्याशी बोलले. मीठ मागितलं.

'सविनय कळविण्यात येते की' एवढं झालं आहे ना? मग त्याच्या पुढं लिही. विम्याच्या नोटिशीसारखं झालं तर होऊ दे. लोक हसले तर हसू देत. वाईट लिही, चुकीचं लिही, पण तू लिही. मी दुरुस्त करणार नाही.

तुझी बहीण,
पद्मिनी भगवानराव उटनूरकर